शनिवारचं राहिलेलं काम

कतारमध्ये घर गरम करायला यंत्र लागतं असं मी गावी सांगितलं, की ऐकणारा हसतो. वाळवंटात कसला हीटर? मलाही आधी तसंच वाटायचं. मी तिकडे गेलो तो सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात. विमानाचं दार उघडलं आणि वीटभट्टीसमोर उभं राहिल्यासारखी झळ लागली. पण जानेवारीत तिथे उत्तरेचा वारा सुटतो. घरं सिमेंटच्या ब्लॉकची, फरशी संगमरवरी, सगळं बांधकाम उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. दोन दिवस तो वारा राहिला की घर आतून गार पडतं आणि मग बाहेर ऊन असलं तरी तापत नाही. मोठ्या व्हिलांच्या गच्चीवर एकच मोठा एसी असतो, त्याच्याच पोटात विजेच्या कॉइलचा हीटर बसवलेला असतो. वर्षातले दहा महिने त्याला कुणी विचारत नाही. जानेवारीत तो सगळ्यांना एकाच दिवशी आठवतो आणि आमच्या मेंटेनन्स कंपनीचा फोन वाजायला लागतो.

मी साताऱ्याकडचा. आयटीआयला फ्रिज-एसीचा कोर्स केला होता, पण खरं काम मला शिकवलं ते मामांनी. अल नस्र भागातल्या एका जुन्या घरात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. मामा त्यातले सगळ्यात मोठे, पन्नाशीला आलेले, लातूरकडचे. आखातात त्यांची पंधरा वर्षं झाली होती. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, आमचा केरळचा सुपरवायझरसुद्धा. काळसर रंग, जाड मिशा, आणि गच्चीवर चढताना गुडघ्यावर हात ठेवून एक मोठा श्वास.

मशीन चालू होत नाही अशी तक्रार आली, की मी लगेच पाना काढायचो. मामा माझा हात धरायचे.

"दम धर की. मशीन काय येडं नाही. त्याला कुणीतरी नको म्हणायलंय. आधी तो नको म्हणणारा कोण हाय ते हुडक."

त्यांचं खरं होतं. हीटर सुरू व्हायच्या आधी चार-पाच पहारेकरी 'हो' म्हणावे लागतात. भिंतीवरचा थर्मोस्टॅट, मग ब्रेकर, मग पंखा, मग हवा पुरेशी वाहते का ते बघणारा स्विच, आणि शेवटी लिमिट. लिमिट म्हणजे हीटर जास्त तापला तर वीज तोडणारा छोटा स्विच. यातला एक जरी अडला तरी हीटर लागत नाही. मामा एकेकाला विचारत जायचे, मीटरची टोकं लावून, घाई न करता. काम झालं की खिशातला काळा मार्कर काढून पत्र्याच्या आतल्या बाजूला काय केलं ते मराठीत लिहायचे. कंपनीत मराठी वाचणारे आम्ही दोघंच. "पुढं येणाऱ्याला कळाय पायजे," म्हणायचे. पुढे येणारा म्हणजे मी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ते गेले त्या आठवड्यात आमच्या जोड्या फोडल्या होत्या. थंडीमुळे तक्रारी फार, म्हणून मामा एकटे एका गाडीवर आणि मी दुसऱ्या. गुरुवारी संध्याकाळी ते उशिरा आले, दमलेले. शुक्रवारी सुट्टी. दुपारी मटण केलं, गावाकडचं काळं तिखट घालून. जेवण झाल्यावर मामा त्यांच्या कॉटवर आडवे झाले. मी दारापाशी भांडी घासत होतो, कोपऱ्यात टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

"शनिवारी मला आठवण कर रे," ते म्हणाले. "एक काम ऱ्हायलंय."

मी टीव्हीकडे बघत "हं" म्हणालो.

दुपारी तीनच्या नमाजाची बांग झाली तेव्हा मी चहा घेऊन त्यांना उठवायला गेलो. पायाला हात लावला. मग खांद्याला लावला. मग कप खाली ठेवून बाकीच्यांना हाक मारली.

कंपनीने मला त्यांच्याबरोबर गावी पाठवलं. गावात उतरलो तेव्हा तिन्हीसांज होत होती. सगळं आटोपल्यावर मामींनी मला आत बोलावलं आणि विचारलं, "शेवटचं काय बोलले?" मी म्हणालो, "काही नाही मामी. झोपेतच गेले." परक्या देशातल्या कुठल्यातरी कामाची आठवण हे त्यांचं शेवटचं बोलणं होतं, ते त्या बाईला कसं सांगणार? आणि त्यावर मी "हं" म्हणालो होतो, ते कसं सांगणार?

पंधरा दिवसांनी परत आलो. ऑफिसात बसून त्यांच्या आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर 'काम पूर्ण' आणि खाली गिऱ्हाइकाची सही. राहिलेलं काम कुठेच दिसेना. कुणाची तक्रारही आली नाही. मग थंडी ओसरली आणि एसीचे दिवस सुरू झाले.

पण ते वाक्य काही माझ्यातून गेलं नाही. शुक्रवारी दुपारी मला झोप लागेनाशी झाली. कधी डोळा लागलाच, तर मामा कॉटच्या कडेला बसून पायात मोजे चढवताना दिसायचे. वर न बघता विचारायचे, "झाला का शनिवार?" मी जागा व्हायचो. त्यांच्या कॉटवर तोवर नेपाळचा एक जण झोपायला लागला होता, तो घोरत असायचा. गच्चीवर एकटा असलो की जिन्यात कुणीतरी मोठा श्वास घेतल्यासारखं वाटायचं. मी वळून बघायचो. पुढेपुढे वळणं सोडून दिलं, पण ऐकू येणं थांबलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग जानेवारीत एका सोमवारी अल दुहैलमधल्या एका कंपाउंडमधून, म्हणजे एकाच भिंतीआडच्या व्हिलांच्या वसाहतीतून, तक्रार आली. हीटर चालू होत नाही, घरात म्हातारं माणूस आहे, लवकर या.

दार एका पस्तिशीच्या बाईंनी उघडलं. अंगावर हॉस्पिटलचा नर्सचा गणवेश, नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या. मी हिंदीत सुरुवात केली, तेवढ्यात माझ्या हातातल्या जुन्या मराठी वर्तमानपत्राच्या पुडक्याकडे त्यांचं लक्ष गेलं. मी त्यात स्क्रूड्रायव्हर गुंडाळून आणले होते.

"मराठी का तुम्ही? कुठले?"

"साताऱ्याकडचा, ताई."

"अरे वा! आम्ही वसईचे. बघा ना दादा, तीन दिवस झाले. नवरा समुद्रात तेलाच्या रिगवर आहे, आणि सासऱ्यांना ही थंडी अजिबात सोसत नाही."

सासरे सोफ्यावर होते. माकडटोपी, स्वेटर, वर दोन ब्लँकेटं, आणि ब्लँकेटमधून बाहेर आलेल्या बोटांत जपमाळ. शेजारी सात-आठ वर्षांची नात बसली होती. तिची आई मराठीत बोलत होती आणि ती इंग्रजीत उत्तर देत होती, "आजोबा इज ऑलवेज कोल्ड."

मी मामांच्या रीतीने सुरुवात केली. थर्मोस्टॅट हीटवर होता, आकडा वर नेला, बारीक टक् आवाज आला. म्हणजे हा हो म्हणाला. ब्रेकर ठीक. गच्चीवर गेलो. पंखा फिरत होता, पण त्याचा पट्टा सैल पडून घसरत होता, हवा निम्मीच जात होती. तरी हवेचा स्विच लागलेला होता. म्हणजे राहिला फक्त हीटरचा कप्पा. चार स्क्रू काढले आणि पत्रा उलटा करून भिंतीला टेकवला.

पत्र्यावर मामांचं अक्षर होतं.

'लिमिट खराब. वायर टाकून बायपास केले आहे. शनिवारी नवीन लिमिट घालून वायर काढणे.' खाली त्या गुरुवारची तारीख.

मी तिथेच गच्चीच्या कठड्याला पाठ लावून बसलो. वारा जोरात होता, पत्रा भिंतीवर आपटून वाजत होता. मी हात पुढे करून तो धरून ठेवला, तरी माझ्या हाताखाली तो थरथरत राहिला. 

मग उठून आत बघितलं. लिमिटच्या दोन टोकांमध्ये लाल वायरचा तुकडा होता, नीट वळवलेला, मामांच्या हातचा. म्हणजे गेली दोन वर्षं हा हीटर त्या पहारेकऱ्याशिवाय चालला होता. या वर्षी पट्टा सैल झाला, हवा कमी पडली, कॉइल लालबुंद होत राहिली आणि तिला थांबवणारं कुणी नव्हतं. कप्प्यातलं कापडी अस्तर काळं पडलं होतं, एका जागी जळून भोकही पडलं होतं. हीटरला शेवटचा एक फ्यूज असतो, तो एकदाच वितळतो आणि कायमचा जातो. तो वितळला होता. म्हणूनच हीटर लागत नव्हता, आणि म्हणूनच घर शाबूत होतं. त्या फ्यूजला मामांनी हात लावला नव्हता.

खाली आलो. ताई वाट बघत होत्या.

"सापडलं का?"

"सापडलं. पण तीन पार्ट लागतील. परवा येतील. तोवर चालू करता येणार नाही."

"परवा?" त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "दादा, दोन दिवसांपुरतं काहीतरी करून द्या ना. तुम्हा लोकांना येतं की. बाबांची छाती आधीच भरलीय."

मामांनाही हेच विचारलं गेलं असणार, याच दिवाणखान्यात. 

"नाही, ताई. तसं करता येत नाही."

सोफ्यावरून म्हातारबाबा बोलले. त्यांची बोली वसईच्या वाडीची, मला अर्धीच कळत होती, पण हे कळलं.

"मागे एक माणूस आला होता. मिशावाला. त्याने तासाभरात चालू करून दिला. त्याला पाठवा, तुम्हाला जमत नसेल तर."

ताई ओशाळल्या. "बाबा, असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतो. भला माणूस होता. माझा हात त्याने असा दोन्ही हातांत धरला. म्हणाला, 'बाबा, लई गार पडलाव. तुमाला असं ठिवून कसं जाऊ?' कुठे आहे तो?"

"ते आता नाहीत, बाबा."

"गावी गेला?"

"वारले. इथून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हातारबाबांनी कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना बोटं लावून क्रुसाची खूण केली.  मग त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं? रोझरीच्या प्रार्थनेत घ्यायला नाव लागतं."

मी नाव सांगितलं. दोन वर्षांत मी ते तोंडाने उच्चारलं नव्हतं. त्यांनी ते हळूच दोनदा म्हणून बघितलं, मुलं नवा शब्द शिकतात तसं, आणि डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलायला लागले. 

दुपारी मी खोलीवरचा तेल भरलेला विजेचा हीटर आणि सुपरवायझरच्या केबिनमधला दुसरा, असे दोन हीटर गाडीत टाकून त्यांना नेऊन दिले. बुधवारी पार्ट आले. सुपरवायझरही बरोबर आला, कारण जळलेल्या अस्तराचं मी फोनवर सांगितलं होतं. वायरचं सांगितलं नव्हतं. ती मी त्याच्या आधी वर जाऊन काढली आणि खिशात घातली. तो पत्र्याकडे बघून म्हणाला, "ये क्या लिखा है?"

"सर्विस की तारीख है."

त्याने मान हलवली. "रिपोर्ट में लिखो, बेल्ट ढीला. यल्ला, खतम करो." आणि तो दुसऱ्या साइटवर गेला.

तो गेल्यावर मी चिंधीवर थिनर घेऊन ते अक्षर पुसलं. मामांचं नाव खराब होऊ नये, एवढंच तेव्हा मनात होतं. अर्धं पुसल्यावर लक्षात आलं, की त्यांच्या हातचं माझ्याजवळ दुसरं काहीच नाही. पण अर्धं ठेवून चालणार नव्हतं. सगळं पुसलं. तरी पत्रा तिरका धरला की काळपट सावली दिसत होती, 'शनिवारी' एवढं वाचता येत होतं.

नवीन लिमिट, नवीन फ्यूज, नवीन पट्टा. हीटर लागला. खाली जाळीतून पहिली गरम हवा आली, तिला धुळीचा जळका वास येतो तसा आला आणि ओसरला. ताईंनी चहा केला. म्हातारबाबा आत झोपले होते. मी कप उचलला आणि परत खाली ठेवला.

"ताई, एक सांगायचं होतं."

सगळं सांगितलं. त्या वायरचा तुकडाही टेबलावर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"आग लागली असती?"

"लागू शकली असती."

"वरून येणारा गरम हवेचा पाइप कुठल्या खोलीवरून जातो?"

"मुलीच्या."

त्या उठल्या, मुलीच्या खोलीच्या दारात जाऊन छताकडे बघत उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नर्सचा होता, सरळ.

"तो शेवटचा फ्यूज त्यांनी मुद्दाम ठेवला होता का?"

"मला तसं वाटतं. पण खरंच माहीत नाही."

"त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं?"

मी वायर उचलून पुन्हा खिशात घातली.

"आमच्याकडे ड्युटी संपली की पुढच्या बाईला तोंडी सांगावं लागतं," त्या म्हणाल्या. "नुसतं लिहून चालत नाही. आणि तिने ऐकलं का, हेही विचारावं लागतं. 'हो' म्हणाली तरी परत म्हणून घ्यावं लागतं."

मला त्यांना ते "हं" सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशीही सांगितलं नाही.

"बाबांना यातलं काही कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यांनी ते नाव रोझरीत घेतलंय. घेऊ दे." मग दारापर्यंत आल्या. "आणि तुमच्या साहेबांना सांगा. मेलेल्या माणसाचं काही बिघडणार नाही. या कंपाउंडमध्ये बाकीच्या घरांतही मुलं झोपतात."

त्या दुपारी मी गाडी कंपाउंडच्या भिंतीला लावून बराच वेळ बसलो. मग ऑफिसात गेलो आणि सुपरवायझरला वायर दाखवली. पत्र्यावर खरं काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने वायर उलटसुलट करून बघितली, चष्मा काढला आणि म्हणाला, "मामा ने किया?" मग जुन्या चिठ्ठ्यांची फाइल ओढून, "और कितने घर में होगा?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या कंपाउंडमधला प्रत्येक हीटर उघडला. चाळीस घरं, चार दिवस. मी प्रत्येक पत्रा स्वतःच उलटा करायचो. मामांचं अक्षर आणखी बऱ्याच ठिकाणी निघालं, फ्यूज बदलला, पंखा साफ केला, मोटरला ग्रीस दिलं. प्रत्येक काम पूर्ण केलेलं. बायपास त्यांचा दुसरा एकही निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या एका घराच्या गच्चीवर लिमिटला वायर सापडली. निळी, घाईघाईने पिळलेली, टोकाला काळी टेप अर्धीच गुंडाळलेली. पत्र्यावर काही लिहिलेलं नव्हतं. टेप गुंडाळायची ती पद्धत माझी. मामा त्यावरून मला बोलायचे. मी त्या घरात कधी आलो, कुणी मला गळ घातली, कुणाला थंडी वाजत होती, मला काहीएक आठवेना. सुपरवायझर शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्यालाही ते समजलं.

"निकालो," तो एवढंच म्हणाला, आणि पुढच्या घराच्या गच्चीची किल्ली काढायला लागला.

त्या घरात एक इजिप्तचं कुटुंब राहायचं. त्यांच्या बाईने आम्हाला खजूर आणि कॉफी दिली, "शुक्रन, शुक्रन" म्हणत दारापर्यंत सोडायला आली. तिला कुणीच काही सांगितलं नाही. मीही नाही.

पुढे आणखी सहा वर्षं मी तिथे काढली. समुद्रात भर घालून केलेल्या पर्ल बेटावर मनोरे उभे राहिले, तिथल्या कामावरही होतो. वसईच्या ताई दर थंडीत मला बोलवायच्या आणि त्यांच्या ड्युटीच्या रीतीने स्वतः गच्चीवर येऊन उभ्या राहायच्या. मी पत्रा उघडून एकेक गोष्ट दाखवायचो, त्या ती परत म्हणायच्या. तिसऱ्या वर्षी म्हातारबाबा वसईला गेले आणि तिथेच वारले. नंतर ते कुटुंब कॅनडाला गेलं. घर काही महिने रिकामं होतं. मी एकदा सर्विसला गेलो तर खाली सामान काही नव्हतं, भिंतीवर तसबिरींच्या चौकोनी खुणा तेवढ्या होत्या. वर हीटर व्यवस्थित लागला. रिकाम्या घरात तो अर्धा तास चालवून बघायचा असतो. मी जिन्यात बसून राहिलो, आणि त्या अर्ध्या तासात माझ्या पाठीमागे, वरच्या पायरीवर, गुडघ्यावर हात ठेवून कुणीतरी श्वास घेत होतं.